उजेड पिणारा निळा थेंब

हसताना आपल्या दातांवर रोज ऊन पडतं. मग उन्हानं दातातली कीड का मरत नाही?

चिन्मयीनं हे विचारलं तेव्हा ती धरणाच्या पाण्यावर, होडीतल्या दवाखान्यात तरंगत होती. उन्हावर चालणारी ही दातांच्या दवाखान्याची होडी काठाकाठानं गावं घेत यायची, संध्याकाळी पुढे निघायची, आणि परत थेट उन्हाळ्यात. चिन्मयीची दाढ तोवर थांबणार नव्हती. किडीचा खड्डा दाढेतल्या नसेजवळ पोचत आला होता. आज आतले जंतू मेले तर दाढ वाचणार, नाहीतर पुढे काढावी लागणार. आणि ती दुधाची नव्हती, पुन्हा यायची नाही.

होडीवरच्या देवयानी डॉक्टरांनी सांगितलं, आज घरघरणारं यंत्र नको. वरचा मऊ भुगा त्यांनी इवल्या चमच्यानं अलगद काढला, खड्ड्यात निळा थेंब सोडला आणि जरा बस म्हणून हातमोजे बदलायला वळल्या.

चिन्मयीच्या घरी काहीही तोंडात घातलं, अगदी औषधसुद्धा, की चूळ भरायचीच. तिनं शहाण्या मुलीसारखी खळखळून भरली.

मग काजवा आला. तो मुठीएवढा यंत्रमानव, पोटात लाल दिवा. त्यानं दाढेवर उजेड धरला. छतावरच्या पडद्यावर जिवंत जंतू चांदण्यांसारखे लुकलुकत होते. ते लुकलुकतच राहिले.

"बाई, दिवा माझा चांगलाय," काजवा जरा दुखावून म्हणाला. "पण एकही विझत नाही."

डॉक्टरांनी बेसिनमधलं निळं पाणी पाहिलं. "चूळ भरलीस होय गं?"

"आई म्हणते, भरायचीच."

डॉक्टर हसल्या. "आईचं बरोबर आहे. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच दाखवलंस. नुसता उजेड जंतूंच्या अंगावरून निघून जातो."

मग त्यांनी समजावलं. निळा रंग म्हणजे प्रकाशसंवेदक (उजेड पडला की जागा होणारा पदार्थ). तो जंतूंना चिकटतो, लाल उजेड पितो आणि ती ताकद शेजारच्या प्राणवायूला (आपण श्वासात घेतो तो वायू) देतो. प्राणवायू खवळतो आणि जंतूचं कवच फोडतो.

"मग मला नाही लागणार?"

"खवळलेला प्राणवायू क्षणात शांत होतो. लांब जायला त्याला वेळच मिळत नाही."

पुन्हा थेंब पडला. चिन्मयी आ वासून निश्चल. काठावरून बाबांनी, "झालं का गं चिमणे?" म्हणून हाक मारली, तरी तिनं नुसता हात हलवला. लाल उजेड दाढेत उतरला. पडद्यावरची एक चांदणी विझली. मग दुसरी. मग पहाटेच्या आभाळासारखा सगळा पडदा हळूहळू मोकळा झाला.

डॉक्टरांनी खड्डा पांढऱ्या सिमेंटनं बुजवला.

"आता चूळ भरू?"

"आता खुशाल भर."

होडी निघाली तेव्हा चिन्मयी काठावर उभी होती. चिघळलेल्या जखमेत, गढूळ पाण्याच्या हंड्यात, अजून कुठे कुठे असा थेंब आणि असा उजेड भेटवता येईल, ती मनात जागा शोधत होती. मग तिनं मावळतीकडे तोंड करून मोठा आ केला. ऊन दाढेवर येऊन बसलं. त्याला तिथे आता काही काम नव्हतं.