बंद झालेला शेरा

गुणाजी गेल्याला पंधरवडा झाला, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ दाजी कुडाळला पद्मावती सामंतांच्या कचेरीत येऊन बसला.

पद्मावतीबाई पूर्वी विमा कंपनीसाठी बोटींच्या अपघातांची पाहणी करत. आता त्या खासगी तपास करत. दाजीने त्यांना सगळं सांगितलं, पण सांगताना आपण दुसऱ्याच कुणाच्या भावाबद्दल बोलतोय असं त्याला वाटत होतं. कुडाळच्याच एका कंपनीने देवबागच्या किनाऱ्यावर होड्या रेतीवर ओढून घ्यायचं नवं यंत्र बसवलं होतं. चाचणीच्या वेळी त्याच्या बुडाची प्लेट फाटली, सांगाडा उखडला आणि गुणाजीच्या छातीवर आला.

"कंपनी म्हणता, चूक त्यांच्या त्या इंजिनेर पोरीची, संचिताची. माका तां पटणा नाय."

"कित्याक?"

"ठाऊक नाय. पटणा नाय, इतक्याच."

"मग चला," म्हणून पद्मावतीबाई उठल्या.

कंपनी औद्योगिक वसाहतीतच होती. डिझाइन तपासायच्या खोलीत भिंतभर पडदा होता. संचिताने त्यावर यंत्राचं त्रिमिती मॉडेल उघडलं. कोण कुडाळात, कोण आपल्या घरी, पण सगळे एकाच वेळी हेच मॉडेल बघत. ज्याला जे खटकेल त्याने त्या भागावर शेरा लावायचा. दुरुस्ती झाली की शेरा बंद. सगळे शेरे बंद झाले की मंजुरी.

बुडाच्या प्लेटवर संचिताचा शेरा होता: 'प्लेट ८ मिमी आहे. ताण पेलणार नाही. १२ मिमी करावी.'

त्याखाली, तिच्याच नावाने, बुधवारी अकरा चाळीसला: 'प्लेट चार सूत केली. शेरा बंद.'

दाजीने दोन्ही ओळी वाचल्या. इंचाचे आठ सूत, चार सूत म्हणजे अर्धा इंच, बारा मिमीच्या आसपास. होड्यांची इंजिनं बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. हिशेब बरोबर होता.

"मॉडेलमध्ये प्लेट किती आहे?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"अजून आठच. कोणी बदललीच नाही." संचिताचा आवाज सपाट होता. "आणि ही खालची ओळ माझी नाही. त्या बुधवारी मी देवबागला होते. होडीचं एक माप राहिलं होतं."

"खरा," दाजी म्हणाला. "फितीचा दुसरा टोक माझ्याच हातात होता."

"फोनवरून शेरा बंद करता येतो?"

"नाही. फोनवर मॉडेल नुसतं दिसतं."

"मग तुमच्या नावाने?"

"मंगळवारची तपासणी ह्याच खोलीतून झाली. इथला संगणक माझ्या नावाने उघडला होता. तो बंद करायचा राहिला."

"परत आल्यावर शेरा बघितला नाहीत?"

संचिताने मान खाली घातली. "मंजुरी दिसली. वाटलं, कोणीतरी प्लेट बदलली असेल."

मंजुरी ओमकारने दिली होती. तो तळेऱ्याहून, आपल्या घरून काम करी. पडद्यावर त्याचा चेहरा आला तो घामेजलेला.

"बुधवारी अकरा ते एक मी दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर तपासणीत होतो. त्याचं चित्रण आहे, पाठवतो."

पद्मावतीबाईंनी ते तिथेच उघडलं. अकरा चाळीसला ओमकार तळेऱ्यात आपल्या टेबलाशी बसून बोलत होता.

"प्लेट बघून मंजुरी दिलीत?"

"माझं काम कडक असतं, बाई. मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर लिहिलं तरी मी परत पाठवतो."

"प्लेट बघितलीत का?"

"नाही," तो अखेर म्हणाला. "सगळे शेरे बंद आहेत, एवढंच यादीत बघितलं. एकही उघडून वाचला नाही."

मालक सिद्धेश आपल्या केबिनमध्ये भेटला. वडिलांच्या लोखंडी गेटांच्या कारखान्यातून त्याने ही कंपनी उभी केली होती. त्याने स्वतः उठून दाजीला खुर्ची दिली.

"बसा, काका. जे झालं ते फार वाईट झालं." मग टेबलावर थाप मारून तो पद्मावतीबाईंना म्हणाला, "टेकून बसा खुशाल. माझ्या हातचं पहिलं काम हे. अडीच सूत पट्टी आहे, हलायचं नाही."

"मॉडेल तुम्हीही बघता?"

"सगळ्यांसोबत. मला त्यातलं फार कळत नाही."

"मोठ्या पडद्याची खोली उघडी असते?"

"छे! महागाची वस्तू आहे. किल्ली माझ्याकडेच. मी उघडल्याशिवाय कोणी आत जात नाही."

"चाचणीची तारीख कोणी ठरवली?"

"मीच. दोनदा पुढे गेली होती. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. तिसऱ्यांदा तोंड कसं दाखवणार?"

तासाभराने पद्मावतीबाईंनी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. ओमकार पडद्यावर होता.

"शेरा कोणी बंद केला ते तीन गोष्टींवरून कळतं," त्या म्हणाल्या. "संचिताच्या नावाने उघडा असलेला संगणक. तो ह्या खोलीत होता. बुधवारी अकरा चाळीसला संचिता देवबागला होती, फितीचं दुसरं टोक दाजींच्या हातात होतं. ओमकार तळेऱ्यात होता. दुसरी गोष्ट, खोलीची किल्ली. ती एकाकडेच असते."

सिद्धेश हसला. "किल्ली माझी म्हणून मीच? खोली उघडल्यावर कोणीही आत गेलं असेल."

"म्हणून तिसरी गोष्ट. संचिताचे सगळे शेरे बघा. प्रत्येक माप मिमीमध्ये. ओमकार तर दुसरं माप चालूच देत नाही. आणि बंद करताना काय लिहिलंय? चार सूत."

पद्मावतीबाईंनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"दाजींना ते खटकलं नाही, कारण ते स्वतः सुतातच मोजतात. लिहिणाऱ्यालाही खटकलं नाही, कारण तोही त्याच मापात वाढला. सिद्धेश, आपल्या टेबलाची पट्टी तुम्ही मला किती सांगितलीत?"

सिद्धेशने खुर्ची शोधली आणि तो बसला.

"नवी प्लेट यायला आठ दिवस लागले असते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चाचणी झाली की बदलणार होतो. एका दिवसात काय होतंय, असं वाटलं."

संचिता तोंडावर हात धरून रडायला लागली. आपल्यालाही आता काहीतरी होईल म्हणून दाजी वाट बघत राहिला. काहीच झालं नाही.

सगळ्यांचे जबाब घेऊन पद्मावतीबाई पोलीस ठाण्यात गेल्या. दाजी दुपारच्या एसटीने देवबागला परतला.

गुणाजीची बायको हौसाबाई मागल्या दारी लाकडं रचत होती. दाजीने उभ्याउभ्याच तिला सांगितलं: कोणी केलं, कसं केलं, पोरीची चूक नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ती प्लेट फाटात ह्या तेका म्हायत होता?"

"फाटात अशा वाटला नाय म्हणता, वयनी. पातळ आसा, ह्या म्हायत होता."

हौसाबाई लाकडं रचत राहिली. मग तिचा हात थांबला.

"भावजी, चाचणीक तो खंय उभो होतो?"

दाजीला तो दिवस आठवला. किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी घातलेला मांडव. त्याच्याही मागे, माडाच्या आड उभा असलेला सिद्धेश.

"लांब," तो म्हणाला. "सगळ्यांपरास लांब."

आणि तिथेच, लाकडांवर, तो मटकन खाली बसला.