उजव्या गालाचं माप

त्या दिवशी जयाला फक्त तोंडाचं माप द्यायला जायचं होतं. सुई नाही, टाका नाही. डिंगोऱ्याहून जुन्नर, जुन्नरहून नारायणगाव आणि तिथून कळंबच्या अलीकडे, हायवेवरचा दवाखाना. उसाच्या कडेला गवत कापताना बिबट्यानं तिचा डावा गाल ओरबाडून नेला, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून एसटीच्या खिडकीशी तोंड झाकून बसण्याचा तिला शीण आला होता. गाल गेला त्याचं आता फारसं वाटत नव्हतं. समृद्धी जवळ येत नव्हती, ते मात्र सलत होतं.

समृद्धी जयाच्या नवऱ्याच्या, दादाभाऊंच्या, पहिल्या बायकोची. ती बाई तापानं गेली, पोर तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. पुढं जया या घरात आली. 'मावशी, मावशी' करत पोरीनं कधी तिच्या गळ्यात हात टाकले ते दोघींनाही कळलं नाही. बिबट्यानंतर मात्र ती दाराआडून बघायची आणि आजीच्या, कुशाबाईंच्या, पदरात शिरायची. हाका मारून मारून जया थकली, मग हाक मारणंच सोडलं.

माप घेणारा राकेश बोलका होता. खोलीत पडदे ओढलेले, स्पिरिटचा वास, कोपऱ्यात पंखा कुरकुरत होता. त्यानं तिला स्टुलावर बसवून सगळं समजावलं. यंत्राचा उजेड तोंडाभोवती फिरवला की चेहरा कॉम्प्युटरवर मातीच्या मुखवट्यासारखा उमटतो. मग उजवा गाल आरशात दिसावा तसा उलटवायचा आणि त्या मापानं डॉक्टर डावा गाल घडवणार.

"उजवा शाबूत आहे ना, मग काळजी सोडा," तो म्हणाला. "फक्त गळ्यातलं काढा. चकाकतं त्यावर उजेड उडतो, माप बिघडतं."

जयानं मंगळसूत्र काढलं. काळ्या दोऱ्यातल्या टाकाला हात लागला आणि ती थांबली. बिजवराला दिलेल्या बाईच्या गळ्यात मेलेल्या पहिलीचा टाक असतो, चांदीच्या पत्र्यावर उठवलेलं बाईचं तोंड. लग्नात तो बांधताना कुशाबाईंनी बजावलं होतं, "हिला गळ्यातच ठेव बाई. जागा मिळाली म्हंजे ती कुठं फिरत न्हाई."

पण एवढ्या गाड्या बदलून आलेली बाई किती हुज्जत घालणार? तिनं टाक काढून समोर टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले.

पापण्यांवर उजेड आला, गेला. मग उजव्या गालावरून काहीतरी गार फिरलं. सावकाश... कुणी चाचपून बघावं तसं.

"भाऊ, हात लावला का?"

"न्हाई ताई. मी लांब हाये."

परतीच्या गाडीत तिनं टाक चाचपला. नाक, डोळे, कपाळावरची कुंकवाची चिरी... काहीच बोटाला लागेना. झिजलेल्या नाण्यासारखा पत्रा गुळगुळीत झाला होता. दमलेय म्हणून तसं वाटतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि घरी कुणाला काही बोलली नाही.

ऑपरेशनच्या आधी पुन्हा माप झालं. या खेपेला राकेशला मस्करी सुचेना. जुनं माप आणि नवं माप एकमेकांवर बसत नव्हतं. जखमेची बाजू बदलते, सूज उतरते, हे त्याला ठाऊक होतं. पण बदलली होती उजवी बाजू. गालफड वर सरकलेलं, हनुवटी निमुळती.

"माणसाचं हाड असं बदलत न्हाई ओ ताई..." तो पुटपुटला. पुन्हा माप घेतलं, पुन्हा तेच. शेवटी त्यानं पहिल्या दिवशी यंत्रच चुकलं म्हणून सोडून दिलं. डॉक्टरांनी नवं माप खरं धरलं आणि त्यावरून गाल घडवला.

पट्ट्या सुटून जया घरी आली तेव्हा कुशाबाई तिच्याकडे बघता बघता भिंत धरून खाली बसल्या. दादाभाऊ धारेचं भांडं घेऊन दारात थबकले. त्यांच्या तोंडून एक नाव निसटलं. ते जयाचं नव्हतं.

आणि समृद्धी धावत आली. मांडीवर चढून तिनं दोन्ही तळव्यांनी ते तोंड कुरवाळलं.

"आई, तू लई दिवस कुठं व्हतीस?"

अगं, मी मावशी, असं जया म्हणणार होती. पण पोरीचं डोकं तिच्या छातीत शिरलं होतं, केसांना खोबरेलाचा वास येत होता. वर्षभर रिकामे राहिलेले हात आपोआप आवळले गेले.

"हितंच व्हते," ती म्हणाली.

पुढं दवाखान्यातून निरोप आला. जयाचा लग्नातला फोटो बघून डॉक्टरांना चेहरा वेगळा वाटत होता. आणखी थोडं दुरुस्त करता येईल, गुरुवारी माप द्यायला या. जया गेली नाही. गुरुवारी ती ओट्यावर समृद्धीची वेणी घालत बसली. ऊन उतरायला लागलं तेव्हा राकेशचा फोन आला. त्याचा आवाज मोकळा होता.

"ताई, आज सगळं जुळलं बघा. फोटोशी पार तंतोतंत. गाल तर असा भरलाय, जणू कधी काय झालंच नव्हतं."

"मी... मी आले न्हाई आज."

"काय राव ताई, थट्टा करता. आत्ता तर बसल्या व्हता स्टुलावर." तो हसला, मग हसू आवरलं. "लई दमलेल्या दिसत व्हता पण. उठताना एवढंच म्हणालात, समृद्धी जेवली असंल का..."

जयाच्या हातातली वेणी सुटली. समृद्धीनं मान वर करून बघितलं.

"हॅलो... ताई? गाडीत हाये का तुमी? जुन्नरची एसटी भेटली ना?"