वळणावरची झाडं

"आर्वो! ए आर्वो! बाहेर ये लवकर! आर्वोआजोबा बर्फात बुडाले!"

ब्रायडीच्या वर्गातला डॅरिल कोवालचुक इतक्या जोरात ओरडत होता की शेजारचा कुत्रा भुंकायचं विसरला. ब्रायडी तोंडातल्या पावाच्या घासासकट दारात धावली.

"बुडाले? म्हणजे... गेले?"

"गेले नाहीत गं! बाहेर काढलं त्यांना. पण थंडी छातीत भरलीय. तुझी आई त्यांच्याजवळच आहे दवाखान्यात. चल, सगळं गाव हॉलमध्ये जमतंय!"

चल म्हणणं सोपं असतं! ब्रायडीला दोन पँटी, तीन मोजे, बूट आणि टूक एवढं सगळं चढवल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. टूक म्हणजे आमच्याकडची लोकरी टोपी. ब्रायडी ऑस्ट्रेलियातून, टाउन्सव्हिलहून आली होती. तिथे म्हणे पोरं अनवाणी दुकानात जातात! तिच्या आईला आमच्या सरोवराकाठच्या कॉपर लँडिंग गावच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि दोघी ऐन डिसेंबरात इथे येऊन थडकल्या. आमच्या गाड्यांच्या नाकातून लोंबणाऱ्या वायरी बघून तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "इथल्या सगळ्या गाड्या विजेवर चालतात?" इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर वीज द्यावी लागते, हे तिला बिचारीला काय माहीत!

शाळेत तर आणखीच मजा. 'डनी कुठंय?' असं ती बाईंना विचारत राहिली आणि बाई म्हणाल्या, "या वर्गात डनी नावाचं कुणी नाही, बाळ." सगळा वर्ग खिदळला. फक्त हेल्मी उठली. ब्रायडी या पायावरून त्या पायावर नाचत होती, तेवढ्यावरून हेल्मीनं ओळखलं आणि हाताला धरून तिला थेट वॉशरूमच्या दाराशी नेऊन सोडलं. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं.

'आर्वो' हे नावही हेल्मीनंच ठेवलेलं. ब्रायडीच्या गावी दुपारला आर्वो म्हणतात. पण आमच्याकडे निम्मी वस्ती फिनलंडहून आलेल्यांची, आणि इथे आर्वो म्हणजे आर्वोआजोबा, दुसरं कुणी नाही. "आर्वोला भेटायचं का?" असं ब्रायडीनं विचारताच हेल्मीनं तिला आजोबांच्याच घरी नेलं. आजोबांनी वेलदोड्याचा गोड पाव पुढे ठेवला आणि खो खो हसले. मग काय, नाव चिकटलं ते चिकटलंच. दुसऱ्या कुणी चिडवलं की ब्रायडीला राग यायचा. हेल्मीनं हाक मारली की मात्र बरं वाटायचं.

हॉलमध्ये कॉफीचा वास आणि ओल्या कोटांचा दर्प कोंदला होता. हेल्मीचे बाबा, टेरोकाका, मधोमध उभे होते. शनिवारच्या बर्फगाड्यांच्या शर्यतीचे सर्वेसर्वा तेच.

"आजोबा रोजच्यासारखे बेटावरच्या लोकांचं टपाल घेऊन निघाले होते," टेरोकाका सांगत होते. "दाट बर्फ पडत होता. समोरचं दिसेना. अशा वेळी माणूस झाडांच्या रांगेवरच विसंबतो. पण वळणावरची झाडंच नाहीत! आजोबा सरळ गेले, ते नरड्यात!"

नाताळ संपला की गावातली जुनी नाताळझाडं आजोबा गोळा करतात. सरोवराच्या बर्फात भोकं पाडून, पाणी ओतून, ती रांगेनं गोठवून उभी करतात. पक्क्या बर्फावरून बेटाकडे जाणारी वाट तीच. वाटेत एक मोठं वळण आहे, नरड्याला वळसा घालणारं. नरडं म्हणजे सरोवराचा चिंचोळा भाग. तिथे खालून पाणी वाहतं आणि मार्चमध्ये वरचा बर्फ पापडासारखा होतो.

"झाडं काय पाय फुटून गेली?" मागून कुणीतरी ओरडलं.

टेरोकाकांनी घसा खाकरला. "माझ्या हेल्मीला काहीतरी माहीत आहे. सांग बेटा."

हेल्मी बुटांकडे बघत होती. "जानेवारीत... ब्रायडीनं एक झाड ओढून घरी नेलं होतं."

ब्रायडीला कानांवर विश्वासच बसेना. खरं होतं ते! काठावर झाडांचा ढीग बघून तिला वाटलं, लोकांनी टाकून दिलीत. एवढ्या पांढऱ्या गावात दारात थोडं हिरवं असावं म्हणून तिनं एक उचलून नेलं. हेल्मी ते बघून पोट धरून हसली होती. दोघींनी मिळून ते झाड परत नेलं, वळणावर भोक पाडून लावलं. ब्रायडीनं घरच्या किनाऱ्यावरून आणलेला शिंपला लाल दोऱ्यानं त्याच्या फांदीला बांधला होता. हेल्मी म्हणाली होती, "कुणाला सांगणार नाही. शप्पथ!"

"पण ते ढिगातलं होतं! आणि आम्ही परत लावलं! हेल्मी, सांग ना!"

हेल्मीनं मान वर केली नाही.

"एक नेलं, तिथे आणखी नेली असतील," एक बाई पुटपुटल्या. "बाहेरच्यांना काय कळणार इथलं!"

संध्याकाळी आई घरी आली. "आजोबा बरे होतील," ती म्हणाली. "पण आज दोन पेशंट मला बघून दारातूनच परत गेले. ब्रायडी, रविवारी आपण सामान बांधायला घेऊ. आपण इथे कुणालाच नको आहोत."

डिसेंबरात हे ऐकून ब्रायडीनं उड्या मारल्या असत्या. आता तिला रडू फुटलं. चोर म्हणून इथून जायचं? आणि हेल्मी अशी का वागली? एक वाक्य जास्त बोलली असती तर तिचं काय बिघडलं असतं?

सकाळी डॅरिल खांद्यावर फावडं टाकून हजर!

"माझा नाही विश्वास बसत," तो म्हणाला. "तुझ्याच्यानं लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. तू गोठलेली झाडं उपटणार? ह्या!"

"ही स्तुती आहे का अपमान?"

"दोन्ही. चल वळणावर. मोठ्यांपैकी एकानंही तिथे जाऊन बघितलेलं नाही. नुसती कॉफी ढोसतायत!"

वळणावर नवा बर्फ साचला होता. डॅरिलनं अंदाजानं एका जागी फावडं घातलं. खट्! खाली वीतभर उंचीचं खोड, बर्फात घट्ट रुतलेलं, आणि माथा सपाट!

"उपटलेलं नाही, डॅरिल! कापलंय!"

"करवतीनं! यंत्राच्या करवतीनं! हा बघ भुसा!"

मग दोघं वेड्यासारखे खणत सुटले. खोड, आणखी एक खोड, आणखी एक. सगळ्या वळणावर कापलेली खोडं! घाम पुसायला ब्रायडी थांबली तेव्हा तिला दुसरीकडे काहीतरी हिरवं दिसलं. वारा लागून बर्फ उडालेल्या जागी हिरव्या सुयांचे पुंजके पडले होते. एक पुंजका, थोड्या अंतरावर दुसरा, पुढे तिसरा. सरळ रेषेत. नरड्याकडे!

"म्हणजे कुणीतरी वळणावरची झाडं कापून इथे सरळ रांगेत खोचली," ती सावकाश म्हणाली. "आजोबा वाट चुकलेच नाहीत. झाडं जिकडे होती तिकडेच ते गेले!"

"आणि नंतर कुणीतरी ती झाडंही गायब केली." डॅरिलनं तिची बाही पकडली. "पुढे नको! आजोबा पडल्यावर बांधलेल्या त्या दोरीच्या पलीकडे एक पाऊलही नाही!"

"हेल्मीला सांगायला हवं!" ब्रायडी उजळून म्हणाली. "ती घाबरली असेल, दुसरं काय! हे ऐकून किती खूश होईल!"

डॅरिलनं फक्त फावडं खांद्यावर टाकलं.

हेल्मी घरी एकटीच होती. शेगडीवर तिचे हातमोजे वाळत होते. "हेल्मी, सापडलं! झाडं कापलीत गं!" असं म्हणत ब्रायडी ऊब घ्यायला शेगडीपाशी गेली. तिचा धक्का लागून एक हातमोजा खाली पडला आणि त्यातून काहीतरी टक् करून फरशीवर आलं.

शिंपला! लाल दोऱ्यासकट!

"हा... हा तुझ्याकडे कसा?"

हेल्मीचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोल! बाबांनी झाडं हलवली होती. वळणावर गेलेल्या गाड्या काठावरून दिसत नाहीत म्हणून. शर्यत सगळ्यांना दिसावी एवढंच त्यांना हवं होतं! बर्फ अजून जाड आहे असं वाटलं त्यांना. आजोबा पडल्यावर ते सगळ्यांच्या आधी धावले, आजोबांना ओढून काढलं, आणि मग ती झाडं भरून घरी आणली. मला तुझा शिंपला दिसला. मी काढून घेतला."

"आणि हॉलमध्ये माझं नाव सांगितलंस!"

"बाबांचं नाव बाहेर आलं असतं तर शर्यत बंद, सगळं बंद! गाव तोंडावर थुंकलं असतं!"

"आणि माझ्या तोंडावर थुंकलं तर चालतं?"

"तू काय," हेल्मी रडत म्हणाली, "तू तर परत जाणारच आहेस ना!"

ब्रायडीनं शिंपला उचलला, क्षणभर हातात धरला आणि टेबलावर ठेवून दिला. डनी शोधताना जिनं हात धरला ती हीच मुलगी? ब्रायडी तशीच बाहेर पडली. अंगणात गाळलेले अश्रू पापण्यांवरच गोठले, पुसायचीसुद्धा सोय नाही!

"सरळ जाऊन सांगू या टेरोकाकांचं नाव!" फाटकाशी थांबलेला डॅरिल सगळं ऐकून उसळला.

"कोण ऐकेल? 'बाहेरच्या पोरीनं स्वतःला वाचवायला काकांवर ढकललं,' हेच म्हणतील. सांगायचं नाही, डॅरिल. दाखवायचं. तुझ्या आईच्या कँटीनमध्ये सरबताची पूड असते ना? लाल?"

"लाल आहे, जांभळीही आहे. आईनं पकडलं तर मी मेलो!" एवढं म्हणून तो आईच्या कँटीनकडे पळालासुद्धा!

शनिवारी सकाळी सगळं गाव काठावर लोटलं. पताका लागल्या, सॉसेजं भाजली जाऊ लागली. टेरोकाकांनी भोंगा तोंडाला लावला, "मंडळी!" आणि तिथेच अडकले.

समोरच्या पांढऱ्याशुभ्र सरोवरावर लालभडक ठिपक्यांची मोठी कमान उमटली होती, थेट वळणावरून. आणि जांभळ्या ठिपक्यांची दुसरी रेघ, काठीसारखी सरळ, नरड्याकडच्या दोरीपर्यंत!

"हा काय चावटपणा आहे?" टेरोकाका गरजले.

"लाल म्हणजे झाडांची खोडं, काका!" ब्रायडी पुढे आली. तिचा आवाज खणखणीत होता. "मी उपटली म्हणता ना? या, एक उपटून दाखवा!"

लोक हसले. "जा टेरो, दाखव जोर!"

नाही म्हणायची सोय राहिली नाही. सगळे वळणाच्या पहिल्या लाल ठिपक्यापाशी गेले. टेरोकाकांनी खोडाला मिठी मारली, ओढलं, पिरगाळलं, लाल झाले, आणि धपकन मागे बसले! खोड जागचं हललं नाही.

"अरेच्चा, हे तर कापलंय!" कुणीतरी वाकून म्हणालं. "आणि ते जांभळं काय?"

"तिथे सुया पडल्यात. कापलेली झाडं तिथे खोचली होती. आजोबा त्याच रांगेवरून नरड्यात गेले!" डॅरिलनं ठणकावलं.

आता कुणी हसेना. घोंगडीत गुंडाळलेले आर्वोआजोबा ब्रायडीच्या आईच्या आधारानं गाडीतून उतरले. खोकत खोकत म्हणाले, "मी कधीचा सांगतोय, मी झाडांच्या मागूनच गेलो होतो. म्हातारा तापात बरळतो म्हणालात! कुणी हलवली झाडं?"

ब्रायडीला नाव माहीत होतं. तिनं हेल्मीकडे बघितलं. फक्त बघितलं. हॉलमध्ये जे हेल्मीला करता आलं नाही ते आता तरी तिनं करावं, एवढंच तिला हवं होतं. हेल्मी बापाकडे बघत होती, मग बुटांकडे.

शेवटी तिनं खिशातून हात बाहेर काढला. तळव्यावर शिंपला होता.

"हा ब्रायडीनं या वळणावरच्या एका झाडाला बांधला होता. ते झाड आमच्या शेडमध्ये आहे. सगळी तिथेच आहेत. बाबा, सांगा ना आता!"

टेरोकाका बर्फात बसल्या जागीच डोकं धरून राहिले. "मीच," ते म्हणाले. "आजोबा, मीच. आणि नंतर घाबरलो."

"घाबरलास आणि एका पोरीच्या आड लपलास!" आजोबांचा आवाज चढला. "लाज वाटू दे!"

शर्यत रद्द झाली. पण कुणी घरी गेलं नाही. हॉलमध्ये पुटपुटलेल्या बाईंनी सगळ्यांसमोर ब्रायडीच्या आईचे हात धरून माफी मागितली आणि वर सॉसेजही दिलं. डॅरिलच्या आईनं सरबताच्या पुडीबद्दल त्याचा कान धरला आणि लगेच गालाचा मुका घेतला. "शाबास पोरांनो!" आजोबा म्हणाले. "डोळे उघडे ठेवले तुम्ही दोघांनीच. पुढच्या हिवाळ्यापासून झाडं लावायला माझ्याबरोबर तुम्ही! काय गं आर्वो, असशील ना पुढच्या हिवाळ्यात?"

ब्रायडीनं आईकडे बघितलं. आई हसत हसत डोळे पुसत होती. "असणार, आजोबा!" ब्रायडी म्हणाली आणि सगळा काठ "आर्वो! आर्वो!" म्हणून दणाणला. या वेळी तिला मुळीच राग आला नाही.

दुपारी शेडमधली झाडं परत आली. आजोबा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, बाकीचे भोकं पाडत होते, पाणी ओतत होते. ब्रायडी एक झाड ओढत निघाली तेव्हा हेल्मी समोर आली. डोळे सुजलेले, हातात शिंपला.

"हा घे. मी... मी एकदा चुकले गं. परत नाही असं करणार, शप्पथ. उद्या येशील आमच्याकडे, आर्वो?"

ब्रायडीनं शिंपला घेतला. लाल दोऱ्याची गाठ तपासली आणि तो झाडाच्या फांदीला नीट बांधला.

"माझं नाव ब्रायडी आहे," ती म्हणाली.

मग तिनं डॅरिलला हाक मारली. त्यानं झाडाचं दुसरं टोक उचललं आणि दोघं वळणाकडे चालू लागले.