खोट्या माशाच्या पोटातले दात

ही गोष्ट माझ्या मावशीच्या घरात घडली. मित्राच्या मित्राने सांगितलेली नाही. शेवटचा भाग तर मी स्वतः भोगतोय. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल हसावं. फक्त जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, कवळ्या बनवतात. दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, घासायचं छोटं मशीन. पुढे डॉक्टर दात काढणार, मागे काका दात बसवायची तयारी करणार. आमचं दुकान दोन्ही तोंडांनी चालतं, असं ते हसून सांगायचे.

रविवारी मात्र काका शहराबाहेरच्या खाणीवर. दगडाची जुनी खाण, कधीची बंद पडलेली, पाण्याने भरलेली. तिथे ते गळ टाकून बसत. पण गांडूळ कधी टोचत नसत. त्याची त्यांना भयंकर किळस. हलक्या लाकडाचा खोटा मासा ते स्वतः कोरायचे, रंगवायचे, त्याच्या पोटात पोकळी ठेवून लोखंडी छर्रे भरायचे. पाण्यातून ओढला की तो लंगडत पोहायचा आणि खुळखुळायचा. जखमी मासा समजून मोठा मासा त्याच्यावर झडप घालणार, अशी त्यातली खुबी.

खाणीतल्या मरळी मात्र शहाण्या झाल्या होत्या.

दर रविवारी काठावर गळ टाकणारे सगळेच तेच छर्रे खुळखुळवत बसलेले. मरळ मागे मागे यायची, हुंगायची आणि वळून जायची. काका रिकाम्या हाताने घरी आले की मावशी म्हणायची, बाजारातले मासे आधीच फसलेले असतात, तेच आणत जा.

मग मावशी आजारी पडली.

आजार गेला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. काहीही शिजलं की तिला ओकारी यायची. हातापायांच्या काटक्या झाल्या. इस्पितळातून बजावलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल आणि तेवढं सोसायची ताकद तिच्यात उरलेली नाही. काका चमचा घेऊन तासन्‌तास तिच्या उशाशी बसत. ती ओठ मिटून घेई.

एका दुपारी ती आपणहून म्हणाली, मरळ मिळाली तर घासभर खाईन.

काका धावत बाजारातून घेऊन आले. तिने वासानेच तोंड फिरवलं. शिळी आहे म्हणाली.

म्हणजे खाणीतलीच हवी. आणि खाणीतली तर छर्ऱ्यांना भीक घालत नव्हती. दुसरा कुठला तरी आवाज हवा होता, त्या पाण्यात कधीच न ऐकलेला. काकांच्या डोक्यात दिवसभर तेच.

अशात दवाखान्यातलं फडताळ आवरताना एक डबी त्यांच्या हातातून निसटली.

कट्... कट्... कट्.

मऊ, ओलसर आवाज. कुणीतरी खेकड्याचं कवच चावावं तसा.

त्या डबीत एका म्हाताऱ्या गृहस्थांचे दात होते. काढलेला दात पेशंटने मागितला तर धुऊन डबीत ठेवायचा, ही त्या दवाखान्याची पद्धत. गृहस्थांनी उरलेसुरले सगळे दात काढून घेतले होते. कवळी न्यायला येईन तेव्हा हेही नेईन, म्हणाले होते. जाताना नुसत्या हिरड्यांनी त्यांनी काकांना बजावलं होतं, "माझे आहेत ते. सांभाळा."

कवळी तयार झाली, तरी ते आले नाहीत. फोन केला तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा गेले.

गेले म्हणजे दात आता कुणाचेच नाहीत, अशी काकांनी मनाची समजूत घातली. छर्रे काढून त्यांनी खोट्या माशाच्या पोटात दोन दाढा घातल्या.

त्या रविवारी सूर्य बुडता बुडता काठावर काका एकटेच उरले. त्यांनी गळ फेकला. थोडं ओढलं. थांबले. पुन्हा थोडं ओढलं.

कट्... कट्.

दोरीतून तो आवाज थेट बोटात येत होता. काठावरचे बेडूक एकदम गप्प झाले. काकांनी हात थांबवला. खोटा मासा पाण्यावर निपचित पडला होता.

आणि तरीही...

कट्... कट्... कट्.

आवाज खालून येत होता.

मग गपकन एकच आवाज झाला आणि दोरी ताणली गेली.

मरळ हातभर लांब निघाली. गळ ओठात नीट रुतलेला. पण खोट्या माशाचं पोट उभं फुटलं होतं आणि आत दाढा नव्हत्या. काकांनी लाकूड उजेडाकडे धरलं. मरळीचे दात सुईसारखे बारीक असतात. लाकडावरच्या खुणा सपाट आणि रुंद होत्या. मेणाच्या पट्टीवर पेशंटला चावायला सांगितलं की उमटतात तशा.

काकांनी ते लाकूड पाण्यात फेकून दिलं. मासा मात्र टाकवला नाही. घरी कोण वाट बघत होतं, हे त्यांना विसरता येत नव्हतं.

स्वयंपाकघरात त्यांनी मरळीचं पोट चिरलं. गिळलेल्या दाढा सापडतील, असं वाटलं होतं. दाढा नव्हत्या. मरळ भक्ष्य अख्खं गिळते, चावत बसत नाही. हिच्या पोटातून मात्र बारीक चावलेला पांढरट लगदा बाहेर आला. लाळेच्या तारा धरलेला. त्यात बेडकाचा एक पाय होता, अर्धवट चघळून सोडलेला. आणि वास माशाचा नव्हता... तो न घासलेल्या तोंडाचा होता. माणसाच्या. काकांचं आयुष्य त्या वासात गेलेलं, त्यांना सांगावं लागलं नाही.

ते आतडी घेऊन बाहेरच्या कचरापेटीकडे पळाले. तिथेच भडाभडा ओकले. परत जाऊन मासाही फेकायचा, असं ठरवूनच ते वळले.

तेवढ्यात तव्याचा चर्र आवाज आला.

मावशी उठली होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपल्या पायांनी ओट्याशी उभी होती. तिने तुकडा तळून तिथेच तोंडात टाकला. मग दुसरा. बोटं चाटली.

कट्... कट्.

काटा लागला का, काकांनी कसंबसं विचारलं.

"काटा कुठला? इतकं गोड लागलंच नव्हतं कधी," मावशी म्हणाली. तिच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं.

ज्या बाईच्या एका घासासाठी काका रडकुंडीला आले होते, तिच्याकडे त्यांना बघवेना. तिची त्यांना शिसारी आली. आणि शिसारी आली म्हणून स्वतःची लाज वाटली. ताट हिसकावून घेणं काही जमलं नाही.

मावशी झपाट्याने सुधारली. पण ती खाणीतल्या मरळीखेरीज कशाला शिवेना. एखादा रविवार चुकला की आठवड्यात गाल बसायचे. मरळी लोखंडी छर्ऱ्यांकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. काका दर वेळी डबी उघडत. दर वेळी खोटा मासा पोट फुटून परत येई.

मग डबी रिकामी झाली.

हे सगळं काकांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. मी सहज भेटायला गेलो होतो. मावशी गुटगुटीत, गालांवर लाली, माझी थट्टा करत होती. काका तोंडापुढे रुमाल धरून बोलत होते. चहाबरोबर त्यांनी पाव दुधात कुस्करून घेतला, तेव्हा मला दिसलं. एका बाजूचे सगळे दात गेले होते. हिरड्या सुजून काळसर झाल्या होत्या.

मी म्हटलं, काका, जगाला कवळ्या देता, स्वतःसाठी का नाही बनवत?

"आधी सगळे संपू देत," काका म्हणाले.

आतल्या खोलीत मावशी काहीतरी चावत होती. मी निघायला उठलो.

दारात काकांनी माझ्या हनुवटीखाली हात घातला, पेशंटच्या घालतात तसाच. आ कर बघू, म्हणाले. लहानपणापासूनची सवय. विचार करायच्या आत मी तोंड उघडलं. त्यांचं बोट आत फिरलं. बोटाला त्या खाणीच्या पाण्याचा बुळबुळीत वास होता. मागच्या दाढेवर ते थांबलं.

"ही हलतेय रे," ते मायेने म्हणाले.

ती हलत नव्हती. माझी एकही दाढ कधी दुखलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो. घरी येऊन मी आरशात बघितलं, बोटाने दाबून बघितलं. घट्ट होती.

आता हलतेय.