लाली, टप्पा तिसरा

कुमुद टिपरे कामावर आल्या की आधी डबे हुंगत. जुन्या चित्रपटाची फीत नासायला लागली की तिला आंबूस वास येतो, आणि एका नासक्या आंब्याने अढी नासावी तशी ती शेजारच्या फितींनाही नासवते. म्हणून चित्रपट-भांडाराचा नियम होता: आंबलेल्या फितीची नक्कल काढायची आणि मूळ फीत नष्ट करायची. त्या कागदावर तपासनीस म्हणून सही कुमुदताईंची असे.

नक्कल काढायला सात वर्षांपासून रंगवैद्य होता. कपाटाएवढं यंत्र. फितीवर रंगांचे तीन थर असतात. वर्षानुवर्षं डब्यात पडून त्यातला निळसर थर आधी उडतो, आणि सगळं चित्र तांबडं दिसायला लागतं. भांडारात या आजाराला लाली म्हणत. रंगवैद्य फितीतून प्रकाश सोडून उरलेला रंग मोजी, गेलेला हिशेबाने परत भरी आणि निदानाची चिठ्ठी देई. लाखभर आजारी फिती दाखवून त्याला शिकवलं होतं. झाड हिरवं, पाणी निळं, माणूस गव्हाळ.

पूर्वी निदान कुमुदताई करत. दोन चौकटींच्या मधली काळी रेघ त्या भिंगाखाली धरत. रेघ तपकिरी पडली असेल तर फीत आजारी, काळीभोर असेल तर चित्र मुळातच तसं. रंगवैद्याच्या खाचेत ती रेघ झाकली जाई. रोज चाळीस डबे उरकणाऱ्या यंत्रापुढे भिंग घेऊन बसणं साहेबांना पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही त्याचा कंटाळा आला होता.

सोमवारी दगडू भोई आले. वय बहात्तर. नदीकाठच्या हिरळगावाहून दोन एसट्या बदलून. सोबत नात होती, नऊ वर्षांची, कुबडीवर. त्यांच्या गावात अशी बेचाळीस पोरं होती, हाडं ठिसूळ झालेली. वरच्या अंगाला पूर्वी रंगाचा कारखाना होता; त्याचं विष अजून नदीच्या गाळात आहे, असा गावाचा दावा. तो चालू असताना नदी स्वच्छच होती, असं मालकांच्या वारसांचं म्हणणं. ते खोटं ठरलं तरच पोरांचे उपचार त्यांच्या गळ्यात पडणार होते. गुरुवारी लवादापुढे शेवटची सुनावणी होती.

"मासेमारीवर पिच्चर काढला हुता एकोणऐंशी साली, चौसष्ट वर्सं झाली," दगडू म्हणाले. "मी हाय त्यात. आठ वर्साचा."

कुमुदताईंनी नक्कल लावली. पडद्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहून एक पोरगा हसत होता. पाणी निळंशार.

दगडू पडद्याजवळ गेले. "तोंड माझंच हाय, बाई. पाणी माझं न्हाई. आमचं पाणी तांबडं व्हतं. कापडं धुतली की गुलाबी व्हायची."

"मूळ फीत बघू या," असं म्हणत कुमुदताईंनी नोंदवही उघडली. मूळ फीत दोन वर्षांपूर्वी नष्ट केली होती. आंबली होती म्हणून. कागदावर सही होती. आणि आता त्यांना आठवलं. डबा उघडल्यावर सुरुवातीची हातभर फीत त्यांनी उजेडात धरली होती. या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी, तांबडंलाल. 'लाली' म्हणून त्यांनी ती खाचेत सरकवली होती.

त्यांनी निदानाची चिठ्ठी काढली. 'आजार: लाली. टप्पा तिसरा.' खाली निळसर थर किती टिकला त्याचे आकडे, शेकड्यात. झाडी सत्त्याण्णव. चेहरे शहाण्णव. पाणी नऊ.

लाली अख्ख्या चौकटीला होते, झाडं सोडून नुसत्या पाण्याला होत नाही. फीत आंबली असली तरी तिचे रंग ठणठणीत होते, आजारी नदी होती. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच, फक्त इथे औषध देणाऱ्या त्या स्वतः होत्या. त्यांना स्वतःची शरम वाटली.

गुरुवारी त्यांनी लवादापुढे सगळं सांगितलं. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही सांगितलं.

वारसांचा वकील तरुण होता आणि फार नम्र. "म्हणजे रंगवैद्य चुकतो?"

"हो. इथे चुकला."

"मग त्याच चिठ्ठीतला पाण्याचा आकडा तेवढा बरोबर कसा?"

"मी स्वतः पाहिलं होतं तांबडं."

"पाहिलंत. आणि तेव्हा आजार म्हणून सही केलीत."

अर्ध्या तासात निर्णय झाला. यंत्र चुकतं असं तपासनीसच म्हणत असेल, तर निळी नक्कलही पुरावा नाही आणि चिठ्ठीही नाही. चित्रपट वगळला. म्हाताऱ्याची आठवण पुराव्यात धरता येत नव्हती. हिरळगावाचा दावा फेटाळला गेला.

बाहेर बाकावर दगडू नातीच्या पायाचा पट्टा घट्ट करत होते. कुमुदताई शेजारी बसल्या. माफी मागायची होती.

"आजवर किती पिच्चर नीट केले असतील तुमी?" दगडूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"साडेअकरा हजार."

"आनी मूळ?"

"नाहीत."

दगडूंनी पट्ट्याचं बक्कल लावलं, नातीला उभं केलं, कुबडी तिच्या काखेत दिली.

"मग बाई," ते म्हणाले, "आमच्यासारखी आनी किती गावं धुऊन निघाली असतील तुमच्या हातनं?"