ऐकलं

रविवारी दुपारी आम्ही नदीवर गेलो ते काकांच्या हट्टापायी. चटई, डबे, पाण्याचा कॅन. काका म्हणाले, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आता चटईचं टोक तरी धरून ठेव." सगळे हसले. हसू देत. स्वतःवर हसायची हिंमत या माणसांत कधीच नव्हती.

मी नऊ वर्षांचा होईपर्यंत आमचं घर म्हणजे विटा वाहणारी नाव. मागच्या खोलीत चूल, अंथरुणं आणि आम्ही पाच जण. बाबा आता हे कुणाला सांगत नाहीत. मी छाती पुढे काढून सांगतो, कारण त्या नावेच्या टोकावर माझी ताई उभी असायची. सोळा वर्षांची, हातात खुणा केलेला बांबू. बांबू नदीच्या तळाला टेकवायची आणि ओरडून पाण्याची खोली सांगायची, "पाच हात... चार हात..." सुकाणूवरून बाबांनी म्हणायचं, "ऐकलं." 'ऐकलं' येईपर्यंत ओरडत राहायचं, हा नावेचा नियम.

नावेवरच्या आमच्या शेवटच्या संध्याकाळी धुकं होतं. बाबा आणि काका सुकाणूपाशी भांडत होते. मी खोलीत पडून ऐकत होतो. "दोन हात... दोन हात... दोन हात..." उत्तर गेलंच नाही. नाव खडकावर चढली, ताई पाण्यात फेकली गेली. सापडली नाही. तेव्हापासून अकरा वर्षं घरात एकच वाक्य: पोरगी मोजायला चुकली.

जेवणं उरकली आणि भर दुपारी नदीवरून धुकं सरकत आलं. ओल्या लाकडाचा वास, विटांच्या धुळीचा वास. मग बांबू पाण्यात शिरल्याचा आवाज. चुबुक.

"दोन हात..."

आईच्या हातातलं झाकण निसटलं.

"मासे धरत असेल कुणीतरी," काका पुटपुटले.

"मासे हातांवर मोजतात का, काका?"

"दीड हात..." आवाज काठाशी आला होता.

"बाबा, उत्तर द्या."

"गप बस... काही नाहीये तिथे..."

"एकच शब्द आहे, बाबा."

बाबांनी मान खाली घातली. मग मीच उठलो, घोटाभर पाण्यात गेलो आणि म्हणालो, "ऐकलं, ताई. बरोबर मोजलंस."

आवाज थांबला. धुकं विरलं. आई बाबांकडे न बघता म्हणाली, "माझी पोर चुकली नव्हती." अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पण 'ऐकलं' म्हणेल त्याच्या हाती सुकाणू, हाही नावेचाच नियम.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी बाबा खुर्चीत टेकले की त्यांच्या पायाशी, कोरड्या फरशीवर, बांबू टेकल्याचा आवाज येतो. मला एकट्यालाच. परवा एक हात होता. काल अर्धा. बाबांची नाव खडकाला टेकत आली आहे.

"ऐकलं," मी म्हणतो.

नाव वळवायची की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.