दोन विती, चार बोटं

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या तिसऱ्या हार्डवेअरच्या दुकानातही रसिकाला तेच उत्तर मिळालं. ओट्याखालच्या कपाटात पुढे ओढता येणारे ट्रे हवेत, तर पूरा किचन नया करवाइए, मॅडम. बाहेर भुरभुर चालू होती. ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "नाही जमत गं. आता आईला काय सांगू..."

"अख्खं किचन कशाला तोडता?" मागून कोणीतरी मराठीत म्हणालं.

तिने वळून पाहिलं. ड्रॉवर सरकवायला लावतात त्या स्टीलच्या चॅनेलचा गठ्ठा कवेत धरून एक उंच तरुण उभा होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि पुसायला हात मोकळा नाही. थेंबांतूनच तो तिच्याकडे बघत होता. नाव कौस्तुभ, अशोका गार्डनमध्ये त्याचं फर्निचरचं वर्कशॉप होतं. कपाट तेच राहील, आत चॅनेल बसवून ट्रे सरकवू, टेन्शन नका घेऊ, असं तो सहज सांगून गेला.

टेन्शन कसं नाही घेणार? घरी दर भाद्रपदात महालक्ष्म्या बसत, आणि यंदाच्या आता तोंडावर आल्या होत्या. गेल्या वर्षी ओट्याखालून पितळेचा हंडा काढायला आई, कमलिनीबाई, खाली बसल्या आणि त्यांना उठताच येईना. गुडघेच धरले. तेव्हापासून हंडा आणि बाकीची सोवळ्याची भांडी देवघरात कोपऱ्यात होती. पण आता तिथे तर महालक्ष्म्या मांडायच्या. आईने सांगून टाकलं होतं, की यंदा जमलं नाही तर मुखवटे नागपूरच्या वैजयंतीकाकूंना देऊन टाकीन, आणि ज्या घरी महालक्ष्म्या त्या घरी मी. म्हणजे कोलार रोडचं हे घर बंद. म्हणजे रसिकानेही ऑफिसात नागपूरला बदली मागायची.

रविवारी कौस्तुभ माप घ्यायला आला. कपाटाचं माप झालं. मग हंड्याची उंची हवी होती. पण दहा घरी फिरलेला टेप सोवळ्याच्या भांड्याला लावू देणार कोण? आईने स्वतःच हंड्याशेजारी हात धरून मोजलं आणि देवघरातूनच सांगितलं, दोन विती आणि चार बोटं.

कौस्तुभने ओट्याशी उभ्या रसिकाकडे पाहिलं. "जरा वीत दाखवता?"

तिने हात पसरला. त्याने अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप धरला... आणि माप वाचायला फारच वेळ घेतला. तिनेही हात मागे घेतला नाही.

त्यानंतर तो या ना त्या निमित्ताने येत राहिला. बोलता बोलता नागपूरचं सगळं त्याला कळलं.

"कालच तर आला होतात," रसिका म्हणाली.

"काल कपाटाचा रंग बघायला आलो होतो."

"आणि आज?"

"आज... रंग विसरलो."

ती हसली. पण तो जिना उतरला की पुन्हा तोच विचार यायचा. हे काम संपलं की हा कशाला येईल? आणि नाही झालं, तर आपणच इथे नसू.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रे बसले. बोटाने ओढले तरी सुर्रकन पुढे येत. सोवळं नेसून आईने हंडा खालच्या ट्रेवर ठेवला आणि आत लोटला. हंडा वरच्या ट्रेला अडला. पुन्हा लोटला. पुन्हा अडला.

आई ओले डोळे पदराने टिपून वैजयंतीकाकूंना फोन लावायला आत गेल्या.

"कौस्तुभ, हे काय झालं?" रसिकाने विचारलं. "तुम्ही तर मोजलं होतं."

तो गुडघ्यावर बसून कपाटात बघत होता. कान लाल झाले होते.

"वीत आईंची होती. माप मी तुमच्या वितीनं धरलं. तुमचा हात लहान आहे."

"मग आईचाच हात का नाही मोजलात?"

"सुचलं होतं... पण मला तुमचा हात धरायचा होता. तेव्हापासून रोज तेच करतोय, काहीतरी कारण काढून येतोय. चूक माझी आहे. भरूनही मीच काढतो. तुम्ही फक्त आईंचा फोन थांबवा — नागपूरला जाऊ नका, रसिका."

ती आत धावली आणि रिंग जात असलेला फोन तिने आईच्या हातातून घेऊन बंद केला. कधी नव्हे ते. "दुपारपर्यंत थांब, आई," एवढंच म्हणाली.

आईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराबाहेर कपाटापाशी बसलेल्या कौस्तुभकडे पाहिलं, आणि बाहेर येऊन हंडा उचलून बाजूला घेतला.

दुपारपर्यंत ड्रिल चाललं. वरच्या ट्रेचे चॅनेल उखडून त्याने उंच बसवले. या वेळी आईच्या हाताला टेप लावला, तेही आधी विचारून. मग आई पुन्हा सोवळं नेसून स्टुलावर बसल्या, हंडा ट्रेवर ठेवला, आत लोटला, पुन्हा ओढला. हंडा वाकायला न लावता थेट त्यांच्या गुडघ्यांपाशी आला. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

काकूंचा उलटा फोन आला तेव्हा आई म्हणाल्या, "मुखवटे न्यायला नको, जेवायला ये. महालक्ष्म्या भोपाळलाच आहेत." मग कौस्तुभकडे न बघताच, "तुम्ही पण या. आईवडिलांना घेऊन या."

कौस्तुभ ड्रिल हातात धरून तसाच उभा राहिला. त्याने रसिकाकडे पाहिलं. उत्तर आता तिचं होतं.

"महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या चिरायच्या असतात," ती खाली बघत म्हणाली. "जेवायच्या वेळेला नाही... सकाळीच ये."